देव्हाऱ्यातली परदेशीण

कोसाड, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुभाबाई,

भाऊचा आशीर्वाद. दाजींना नमस्कार. गोपाळला आणि त्याच्या म्हशींनाही आशीर्वाद. त्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

फोनच्या काळात हा म्हातारा पत्र काय लिहितो, असं म्हणशील. मागे गोपाळनं फोनवर तुला दाखवलं, तेव्हा तुझं तोंड तेवढं हलताना दिसलं, डबक्यातल्या माशासारखं. छत्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभा राहिलो आणि कान तिथंच ठेवून आलो. मात्र त्या खडखडाटाचा एक उपकार आहे. धोटा इकडून तिकडे पळायचा, त्या ठेक्यावर मी श्रीरंग गुरुजींनी पाठ करून घेतलेल्या सगळ्या कविता म्हणायचो. शेजारच्या लूमवरचा ओडिया माणूस मला हात जोडायचा. त्याला वाटे, मी जप करतो.

असो. कामाचं लिहितो, नाहीतर तू म्हणशील भाऊ लागला वाहायला.

योगेंद्रनं कामरेजला फ्लॅट घेतला आहे. चौथा मजला, लिफ्ट आहे, खिडकीतून उसाचं शेत दिसतं. देव आखाजीला तिकडे न्यायचे ठरले आहेत, म्हणजे तीस एप्रिलला. सूनबाई वर्षा त्या सणाला अक्षय्य तृतीया म्हणते. ती यवतमाळची, तिला आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी यायचा दिवस हे अजून पटायचं आहे. आणि आपल्या घरची रीत तुला मी काय सांगू. देव नव्या जागी बसवायचे तर देवीचा टाक सासरहून आलेल्या लेकीनंच आपल्या हातानं ठेवायचा. अठ्ठ्याहत्तर साली मी देव सुरतेला आणले तेव्हा तुला बोलावलं, तू आली नाहीस, म्हणून आत्यानं बसवले. आत्या गेली. नात धनश्री घरची लेक खरी, पण ती अजून कॉलेजात आहे. उरलीस तू एकटी.

तुझा राग मला ठाऊक आहे. तुला न विचारता देव गावाहून हलवले, तोच ना? या सत्तेचाळीस वर्षांत तू सात वेळा माझ्याकडे आलीस आणि सातही वेळा देव्हाऱ्यासमोर उभी राहिली नाहीस. कधी पाय मळलेले, कधी डोकं दुखतंय. मी कधी विचारलं नाही. आता शहात्तर झाली, आता विचारतो.

या वेळी ये. तू आली नाहीस तर मी देव हलवणार नाही. आणि देव इथं तर मीही इथंच. योगेंद्र वहीत लिहून भांडतो (मला काही सांगायचं तर सगळे वहीत लिहितात): "बाबा, एकटे कसे राहाल? दाराची बेल ऐकू येत नाही तुम्हाला." मी खाली लिहिलं, "बेल वाजवणारा तरी कोण येणार आहे?"

तुझा,
भटूभाऊ


शिंदखेडे
१९ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

नमस्कार. पत्र मिळालं. अक्षर तसंच शे अजून, मुंग्या रांगेनं चालल्यासारखं.

नव्या घराचं वाचून जीव निवला. योगेंद्रला सांग, आत्यानं इथूनच दृष्ट काढली.

मला यायला जमणार नाही. गुडघा धरला आहे. म्हैस नेमकी आखाजीच्या सुमाराला वेणार आहे. मिरच्या वाळवायच्या आहेत. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं आहे. एवढी कारणं एकदम दिली तर तू म्हणशील खोटी. मग त्यातलं तुला आवडेल ते एक घे.

देव वर्षाच्या हातानं बसव. रीत माणसांनीच केली, माणसांनीच मोडावी. आणि एकटं राहायची धमकी मला देऊ नको. तुझ्यावर रागवायला मला वेळ कुठं शे?

एक मात्र ऐक. देव उजळायला बाहेर देऊ नको. हे चांदीवाले घासायच्या नावानं चांदी खरवडतात. घरीच चिंच-राखेनं घास. देवी तर सोनाराला दाखवूच नको.

सुभद्रा


कोसाड
८ मार्च २०२५

चि. सुभाबाई,

तुझं पत्र पोचायच्या दोनच दिवस आधी धनश्री पाचही देव अमरोलीच्या चांदीवाल्याकडे घेऊन गेली होती. आता जे लिहितो ते बसून वाच. माठातलं पाणी जवळ ठेव.

चांदीवाल्यानं चार देव बाजूला काढले. देवी बोटांत फिरवली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाला, "बेन, आ तो सिक्को छे. मूर्ति नथी." म्हणजे हे नाणं, मूर्ती नव्हे. धनश्री त्याच्याशी भांडली. तो म्हणाला, "घासून देतो, माझं काय जातं, पण आधी कोणा शिकलेल्याला दाखव."

तिनं ती आपल्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडमना दाखवली. मॅडमनी भिंगाखाली धरली, काट्यावर ठेवली. चार ग्रॅमला थोडी कमी. मग म्हणे त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. सुभा, आपली देवी रोमची आहे! दोन हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं. आपण जिला कुंकू लावतो ती त्या नगरीची देवता, रोमा. तिच्या डोक्यावरचा तो मुकुट नाही, शिरस्त्राण आहे, त्याला पाखराचा पंख. आणि पाठीमागे, जी बाजू आपण कधी नीट पाहिलीच नाही, तिथं दुसरी देवी, विजयाची, पंखवाली, दोन घोड्यांच्या रथात उभी. घोडे इतके जिवंत की धनश्रीनं वहीत लिहिलं, "दादा, हे आत्ता उडी मारून कोसाडच्या रस्त्यावर येतील."

मॅडम आणखी एक म्हणाल्या. खालची अक्षरं कोणीतरी मुद्दाम दगडावर घासल्यासारखी दिसतात. मी मनात हसलो. त्यांना काय कळणार? दगड कसला, शेकडो वर्षांच्या सवाष्णींची बोटं ती!

तेव्हापासून मला झोप नाही, आणि जागही नाही. सगळं दिसतं. आपला कोणी खापरपणजोबा कापसाच्या गाड्या जुंपून तापीकाठानं भडोचला गेला. बंदरात परदेशी गलबतं. एक निळ्या डोळ्यांचा खलाशी, घरापासून वर्षभर लांब. त्यानं आपल्या गाठोड्यातली देवी आपल्या पूर्वजाच्या हातावर ठेवली असेल, हिला सांभाळ म्हणून. आपला माणूस साधा, पण शब्दाचा पक्का. त्यानं घरी नेऊन देव्हाऱ्यात बसवली. मला तर ओवीसुद्धा सुचली:

तापीमाईच्या तीराला, नाव लागली कोणाची
शिडाच्या सावलीमध्ये, देवी परक्या गावाची

घरात मात्र तट पडले. वर्षानं वहीत लिहिलं, "बाबा, इतकी वर्षं आपण नाण्याला नैवेद्य दाखवला?" तिचं म्हणणं, नव्या घरात नवा टाक करून घेऊ, हे कपाटात ठेवू. माझ्या सुनेला मी माझ्या परीनं उत्तर देणार आहे. आपल्या वंशाची ही सगळी हकिगत मी आठ पानं लिहून काढली आहे. तिचा सारांश वास्तूच्या पत्रिकेत मागच्या बाजूला छापायचा. गुढीपाडव्याला छापखान्यात देतो. दोनशे पत्रिका, पार नंदुरबारपर्यंतच्या भाऊबंदांत जातील. लूमवाला भटू कोणत्या घरातला, हे एकदा कळू दे लोकांना.

आता तरी ये. ही देवी दोन हजार वर्षं चालून आली, तुला शिंदखेड्याहून गाडीत बसायचं आहे फक्त.

भाऊ


शिंदखेडे
१५ मार्च २०२५

भाऊ,

छापू नको. पत्रिकेत ते काही छापू नको. नावगाव, तारीख, जेवायची वेळ, एवढंच छाप.

का ते विचारू नको. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागते.

सुभद्रा


कोसाड
२० मार्च २०२५

चि. सुभाबाई,

तुझं चार ओळींचं पत्र चार वेळा वाचलं. खरं सांगू? लागलं मला.

आयुष्यभर लोकांच्या साड्या विणल्या. माझं नाव कधी कशावर छापून आलं नाही. पगाराच्या पाकिटावरसुद्धा 'भटु' असं चुकीचं लिहायचे. आता म्हातारपणी एक गोष्ट हाती लागली, ती सांगायला निघालो, तर सख्खी बहीण म्हणते छापू नको. तुला वाटतं दृष्ट लागेल? की लोक हसतील? की सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा तोच राग, भाऊनं देव नेले आणि आता देवांची गोष्टही नेली?

तसं असेल तर सरळ लिही. जे विचारू नको म्हणालीस ते कारणच मी मागतो आहे. नाहीतर पाडव्याला कागद छापखान्यात जाईल. वर्षालाही मी हेच सांगितलं आहे.

भाऊ


शिंदखेडे
२६ मार्च २०२५

भाऊ,

हे पत्र स्पीडपोस्टानं पाठवते आहे. गोपाळ विचारत होता, एवढं काय अर्जंट? म्हटलं, चौसष्ट वर्षांचं अर्जंट शे.

रागावलेली नाही मी. घाबरलेली आहे. आता सरळ लिहिते, मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

एकसष्ट साल. मी नऊ वर्षांची, तू बारा. आखाजीच्या आदल्या दिवशी मायनं पितळी ताटलीत पाच देव दिले, वर राख आणि चिंच. म्हणाली, तापीवर जाय, घाशी आण, मोजी आण. मी घाटाच्या खालच्या पायरीवर बसले. चार देव घासले, फडक्यावर ठेवले. पाचवी देवी. हात राखेनं बुळबुळीत झालेले. निसटली. पाण्यात एकदा चमकली आणि गेली. मी कमरेइतक्या पाण्यात उतरले. ऊन कलेपर्यंत चाचपत होते. गाळ, शिंपले, एक फुटकी कवडी. देवी नाही.

वरच्या काठाला धनगराची तारा मेंढ्या चारत होती. तिच्या ओढणीच्या गाठीला एक चांदीचं गोल होतं, मी आधी पाहिलेलं. गावाबाहेर पांढरीचं, जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे ना, तिथं मेंढ्यांच्या खुरांनी माती उकरली तेव्हा तिला सापडलेलं. त्यावर बाईचं तोंड, डोक्यावर मुकुटासारखं काही. आपल्या टाकाएवढंच. मी तिला आखाजीच्या माझ्या हिरव्या बांगड्या दिल्या, सहाच्या सहा, आणि ते घेतलं. खाली अक्षरं होती. आपल्या देवीवर अक्षरं नव्हती. म्हणून घाटाच्या दगडावर घासली, बोटं सोलवटेपर्यंत. तुझ्या मॅडम बरोबर बोलल्या. सवाष्णींची बोटं नाहीत ती. माझी बोटं.

मायला दिसायचं कमी. तिनं मोजले, पाच भरले. कुंकू लावलं. मग बांगड्या विचारल्या. मी म्हटलं फुटल्या. त्या बांगड्यांसाठी मार खाल्ला. देवीसाठी नाही खाल्ला.

आणि मग काय झालं ते तुला माहीत आहे. श्रावणात आप्पा तापानं गेले, आपण बापाविना झालो. दिवाळीला तुझी शाळा सुटली. तू पुस्तकं श्रीरंग गुरुजींना परत करायला गेलास, मी तुझ्या मागे मागे चालत होते. परत येताना तू सगळी वाट कविता म्हणत होतास, मोठ्यानं, एकामागून एक. विसरू नये म्हणून म्हणत होतास, हे मला तेव्हाही कळलं. पुस्तक नसलेल्या पोराचं ते म्हणणं मी ऐकलं भाऊ. मग तू दुसऱ्याच्या शेतावर गेलास, मग सुरतेला, मग तुझे कान गेले. हे सगळं माझ्या हातातून निसटलेलं आहे.

म्हणून मी देव्हाऱ्यासमोर उभी राहत नाही. आणि तू म्हणतोस माझ्या हातानं देवी बसव. चोरानंच घराला कुलूप लावायचं का?

आपला कोणी पूर्वज भडोचला गेला नाही. गेला असला तर मोकळ्या हातानं परत आला. तुझी एवढी छान गोष्ट मी मोडली. छापायचंच असेल तर हे छाप.

सुभद्रा


कोसाड
३१ मार्च २०२५

सुभाबाई, माझे बाई,

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. पाडव्याला छापखाना बंद, म्हणून मी त्याच दिवशी तिकडे जायला निघालो होतो, एक चप्पल पायात, एक हातात. तसाच खाटेवर बसलो.

आधी हसून घेतो. माझा खापरपणजोबा, कापसाच्या गाड्या, निळ्या डोळ्यांचा खलाशी, सगळं सहा हिरव्या बांगड्यांत बुडालं. आठ पानं फाडायला घेतली तर धनश्रीनं हिसकावली. वहीत लिहिलं, "दादा, इतिहास नसेल, गोष्ट तर आहे ना." पत्रिका छापायला दिली. नावगाव, तारीख, जेवायची वेळ.

आता रडून घेतलं ते सांगत नाही.

आप्पांचं ऐक. त्या श्रावणात विषमज्वरानं आपल्या गावातली सात माणसं गेली. मी बारा वर्षांचा होतो, मला सातही नावं पाठ आहेत, मला पाठांतराची खोड आहेच. त्या सातही घरच्या लेकींनी आपापल्या देवी तापीत टाकल्या होत्या का? गावाला विहिरीचं घाण पाणी पाजलं ते नऊ वर्षांच्या पोरीनं नव्हे.

शाळा सुटली, हे खरं आहे. दुखलं, हेही खरं. पण तू एक लिहिलंस ते मला माहीतच नव्हतं. त्या परतीच्या वाटेवर मला वाटत होतं, मी एकटाच म्हणतो आहे. ओसाड रान, बाभळी, आणि मी. चौसष्ट वर्षांनी कळलं, मागे कोणीतरी ऐकत होतं. सुभा, शाळा सुटलेल्या पोराला याहून मोठं बक्षीस कोणत्या गुरुजीनं दिलं असतं?

आणि आपली ती देवी हरवली म्हणतेस. कशात हरवली? तापीत. तापी कुठं जाते? सुरतेला! मी अठ्ठ्याहत्तर साली पत्र्याची पेटी घेऊन इथं उतरलो तेव्हा ती सतरा वर्षं आधीच येऊन बसलेली होती. मी इतकी वर्षं हेच पाणी पितो आहे. म्हणूनच मला या परक्या गावात कधी परकं वाटलं नाही, आता कुठं कारण कळलं.

घरात सांगितलं. तुझी परवानगी न घेता सांगितलं, राग मान. तुझं पत्रच योगेंद्रनं मोठ्यानं वाचलं. मी सगळ्यांचे चेहरे पाहत होतो. वाचून झाल्यावर वर्षा उठली, वही घेतली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. तशीच्या तशी उतरवतो: "मी यवतमाळहून आले तेव्हा मला कोणी काट्यावर ठेवून पाहिलं नव्हतं. ती इथं चौसष्ट वर्षं नांदली. ती कपाटात जायची नाही." काल कपाटाची भाषा करणारी बाई ती! मी वहीचं ते पान ठेवून दिलं आहे.

मग तिनंच पुढचं विचारलं. "पण जी पहिली होती तिचं काय?" ठरलं की तिचाही टाक नव्यानं करून घ्यायचा आणि दोघींना बसवायचं. मी आणि धनश्री चांदीवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, देवी कशी होती? हात किती? वाहन कोणतं? बसलेली की उभी?

सुभा, मला काहीच सांगता येईना. घरचा वडील मुलगा मी, ओव्या रचणारा, आणि मी त्या देवीकडे कधी धड पाहिलं नव्हतं. माय गेली, आप्पा गेले, आत्या गेली. या जगात त्या देवीचा चेहरा आठवणारं एकच माणूस आहे. जिनं तिला दर आखाजीला घासलं, आणि जिच्या डोळ्यांपुढून ती चौसष्ट वर्षं हललेली नाही.

तेव्हा कुलूप लावायला नको येऊस. चांदीवाल्यासमोर बसून तिचं रूप सांगायला ये. आठ दिवस आधी ये. तू सांगितलं नाहीस तर ती खरोखरची हरवेल.

भाऊ


शिंदखेडे
९ एप्रिल २०२५

भाऊ,

पत्र वाचलं. म्हशीला पाणी पाजलं. पुन्हा वाचलं.

चांदी तरंगत नाही, बुडते. शाळेत कवितांच्या तासाला जागा होतास, बाकीच्या तासांना झोपत होतास वाटतं. आणि मधे उकाईचं धरण शे ना? देवी सुरतेला कशी गेली? गोपाळला विचारलं तर तो म्हणाला, "माय, धरण एकसष्टच्या बऱ्याच मागून बांधलं." म्हणजे वाट मोकळी होती.

रूप विचारलंस. ऐक. बसलेली. हात चार, पण डावा खालचा हात करणाऱ्यानं घाईत केलेला, त्याला बोटं तीनच. उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा, त्यामुळे ती तुझ्याकडे बघते आहे असं वाटायचं, कुठंही उभं राहा. वाहन सिंह, पण माय त्याला मांजर म्हणायची. नाकात नथ नव्हती, नथीची जागा होती, एक टिंब. कडेला वरच्या बाजूला दात लागल्यासारखी खाच. ती खाच माझी. मी रांगत होते तेव्हा चावले होते म्हणे.

सोबत कागदावर काढून पाठवते आहे. सिंह गाढवासारखा झाला आहे. चांदीवाल्याला यावरून काही कळायचं नाही. तो गुजराती, मी अशी. धनश्रीला मधे बसवून सांगावं लागेल.

म्हणून येते. एकवीसला निघते, चलथाण स्टेशनाला उतरवून घ्या, उधन्याच्या स्टेशनावर मला गर्दी सोसत नाही. म्हैस गोपाळ बघेल. गुडघा माझ्याबरोबर येईल.

रूप सांगायला येते, एवढंच कबूल करते. हातानं बसवीन की नाही ते तिथं उभी राहिले की कळेल. माझ्यानं नाही झालं तर मला कोणी धरून पुढं ढकलायचं नाही. आणि तुझी ती ओवी चारचौघांत म्हणायची नाही.

सुभद्रा


कामरेज, सुरत
११ मे २०२५

चि. गोपाळ,

मामाचा आशीर्वाद. म्हशीला पारडी झाली हे वाचून सगळ्यांना आनंद झाला. तुझी आई एवढ्यात येत नाही, हे सांगायला हे पत्र. तिला विचारलं की ती म्हणते "पुढच्या सोमवारी", आणि कोणता सोमवार ते सांगत नाही.

तू इथं नव्हतास म्हणून आखाजीचं लिहितो.

आधी चांदीवाला. चार दिवस तुझी आई त्याच्या दुकानात ठाण मांडून बसली. मधे धनश्री, इकडून अहिराणी, तिकडून गुजराती. पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही डोळे सारखे केले. तिनं परत करायला लावले. त्यानं हाताला चार बोटं केली, तिनं एक कमी करायला लावलं. तो माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावायचा. शेवटच्या दिवशी त्यानं टाक पुढं केला. तुझ्या आईनं हातात घेतला नाही. नुसती वाकून पाहत राहिली. मग धनश्रीच्या कानाशी काही बोलली. धनश्रीनं मला वहीत लिहून दाखवलं: "म्हणतात, खाच राहून गेली." त्यानं कानस घेतली. खाच पडली, आणि तुझ्या आईनं दोन्ही हात पुढं केले.

आखाजीच्या सकाळी चौथ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंग मांडला. चार देव पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी ठेवले. मग दोन्ही देव्या एका ताम्हनात घालून वर्षानं तुझ्या आईपुढं धरल्या. तुझी आई उभी. हात पदराखाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, योगेंद्रलाही पाहू दिलं नाही. कोणी ढकलायचं नाही, असं कबूल केलं होतं.

मग वर्षानं तिला काहीतरी विचारलं. नंतर वहीतून कळलं: "आत्या, मोठी कोणती? उजवीकडे मोठी बसवायची ना?"

बघ प्रश्न! एक दोन हजार वर्षांची, पण घरात मागून आलेली. दुसरी चारच दिवसांपूर्वी घडलेली, पण घरातली पहिली. गुरुजींना विचारलं तर ते पोथी चाळायला लागले. भाऊबंदांत लगेच दोन पक्ष. त्यातले लोटूकाका हातवारे करून काय सांगत होते देव जाणे. योगेंद्र गुगलवर बघत होता.

तुझ्या आईनं पदराखालून हात काढले. आधी ती परदेशीण उचलली, कपाळाला लावली आणि चौरंगावर डावीकडे सरकवून ठेवली. मग दुसरी घेतली आणि उजवीकडे, मानाच्या जागी ठेवली. देवी सरळ बसली. मग ती सगळ्यांकडे वळून बोलली. काय बोलली ते मी तिच्या ओठांवरून वाचलं. ते मला वहीत नको होतं.

"मोठी-लहानी काय विचारता? ही आज माहेरी आली शे. घरची बाई सरकून जागा देते."

त्यानंतर बायकांनी आखाजीची गाणी धरली. मला ऐकू आलं नाही. पण कोणत्या शब्दाला मान कशी हलते ते पाठ असल्यामुळे मी कडव्यामागं कडवं बरोबर चालत राहिलो.

मॅडम येऊन गेल्या. नाण्याची नोंद केली, चार फोटो काढले आणि जेवून गेल्या. मांडे त्यांना फार आवडले.

तर गोपाळ, म्हशीचं तू बघ. आत्ता हे लिहितो आहे तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरात ओट्याशी बसून देव घासते आहे. खाली परात, परातीत फडकं, आणि नळ बंद ठेवला आहे. तिचे ओठ सारखे हलत आहेत. मी धनश्रीला खूण केली, आत्याआजी काय म्हणते? तिनं दारापाशी उभं राहून ऐकलं आणि वहीत लिहिलं: "दोघींशी बोलत आहेत. एकीशी अहिराणीत, आणि दुसरीशी पण अहिराणीतच."

तुझा,
भटूमामा